गार्गीची वेणी

"पुढची!" कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावरून कर्णधार गार्गी ओरडली. सामन्याआधी कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या प्रत्येकीची वेणी कर्णधाराने घालायची आणि घालताना तिच्या कानात दोन शब्द सांगायचे, अशी इथली रीत. उठताना प्रत्येकीची मान जरा ताठ झालेली असायची.

नवी ओवी कोपऱ्यात बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत बसली होती. पहिला सामना म्हणून तिने कालच हौसेने केस बारीक कापून घेतले होते. ही रीत तिला माहीतच नव्हती.

"हिची वेणी घालायला चिमटाच लागेल!" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. ओवीही हसली, पण तिचे डोळे भरले.

गार्गी उठली आणि केस मोकळे सोडून ओवीपुढे जमिनीवर बसली. "माझी राहिलीच की. वेणी येते ना तुला?"

"येते, ताई. धाकट्या बहिणीची रोज मीच घालते."

"मग घाल घट्ट. आणि कानात सांगायचं विसरू नकोस."

ओवीने सावकाश पेड घातले, वाकली आणि कुजबुजली, "ताई, पहिला पास मला दे."

गार्गी इतकी हसली, की वेणी पुन्हा घालावी लागली.