गच्चीची पावती

विमा कंपनीचा सर्व्हेअर गच्चीवरून खाली उतरला तो बुटांना ओला चुना लावूनच. झकियाच्या पुसलेल्या फरशीवर दारापासून सोफ्यापर्यंत पांढरे ठसे उमटले आणि ती चक्क हसून "बसा" म्हणाली. एरवी तिने नवऱ्यालाही सोडलं नसतं. पण तीन आठवड्यांनी याच दिवाणखान्यात तिच्या लेकीची, रीमची मेंदी होती आणि डोक्यावर छताचा गिलावा पडून सळ्या दिसत होत्या. विमा मिळाला तर छत होणार होतं. नाही मिळाला तर मेंदी मुलाकडच्यांच्या घरी. नवरीची मेंदी सासरी म्हणजे सूससारख्या अरबी शहराला वर्षभर पुरेल एवढा विषय.

सर्व्हेअरचं नाव अनीस. वय कोवळं, पण बोलणं पिकलेलं. "वादळात शेजारच्यांची टाकी उडून आली, तुमच्या गच्चीची कड फुटली, पाणी आत आलं. हे सगळं दिसतंय," तो म्हणाला. "पण लल्ला," बाईंना आदराने हाक मारायची तिथली रीत पाळत तो पुढे म्हणाला, "पॉलिसीत एक अट आहे. गच्चीची दरवर्षी देखभाल केली असेल, तरच वादळाचं नुकसान भरून मिळतं. तुम्ही वाचलं असेलच."

आठ वर्षांत झकियाने पॉलिसीच्या पाकिटाचं तोंडही उघडलं नव्हतं. "वाचलंय तर!" ती म्हणाली.

"मग काही पुरावा?"

तळमजल्यावरचे सी मुन्सिफ, म्हणजे मुन्सिफसाहेब, याच प्रश्नासाठी येऊन बसले होते. इमारतीची देखभाल बघायला रहिवाशांनी त्यांना निवडलं होतं आणि देखभाल सोडून बाकी सगळं ते मन लावून बघत. "पुरावा मी आणतो. तू फक्त चहा दे आणि तोंड बंद ठेव," असं त्यांनी सकाळीच जिन्यात झकियाला बजावलं होतं. आता त्यांनी खिशातून एक पावती काढली आणि अनीससमोर टेबलावर पसरून ऐटीत वाचली, "गच्चीची दुरुस्ती, सिमेंटच्या कामासह. गवंड्याची सही. तारीख तेरा ऑगस्ट."

"तेरा ऑगस्टला गवंडी?" झकियाने चहाचा ट्रे टेबलावर आदळला. "तेराला वर माझं कुसकुस वाळत होतं! चार घरांनी हाताने वळलेल्या रव्याच्या दाण्यांचं, वर्षाचं वाळवण! त्याच्या शेजारी सिमेंट कालवायची कुणाची छाती होती? तिथे मी चिमणी फिरकू देत नाही, गवंडी कुठला आलाय!"

सी मुन्सिफांनी डोळे मिटले. तेव्हा कुठे झकियाच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. पोरीची मेंदी आपल्याच जिभेने घालवली.

"तारीख चुकली असेल," सी मुन्सिफ चाचरत म्हणाले. "पंधरा असेल."

"पंधरालाही वाळतच होतं," झकिया म्हणाली. आता लपवायचं काय राहिलं होतं?

अनीसने चहाचा ग्लास खाली ठेवला. "उघड्या गच्चीवर कुसकुस? धूळमाती नाही लागत?"

हा मात्र सरळ अपमान होता, आणि झकियाला छताचा विसर पडला. "धूळ? अहो, दोन दिवस आधीपासून आम्ही वर असतो. ब्रशने घासायचं, साबणाच्या पाण्याने धुवायचं. पाणी जायच्या मोऱ्यांत हात घालून पानं, पिसं सगळं काढायचं. भेग दिसली की बुजवायची. मग चुन्याचे दोन हात. ओल राहिली तर दाणे बुरसतात, म्हणून थेंब झिरपू देत नाही. मग स्वच्छ चादरी, आणि त्यावर कुसकुस. दर उन्हाळ्याला. ही देखभाल-बिखभाल नाही हो, हे आमचं कुसकुस आहे!"

एवढं बोलून ती आत गेली आणि बरणी घेऊनच आली. अनीसने चिमूटभर कोरडे दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून सावकाश चावू लागला. झकिया त्याच्या जबड्याकडे बघत राहिली.

"कचकच नाही," तो शेवटी म्हणाला. मग हसला. "लल्ला, वर फुटलेल्या कडेला मी चुन्याचे थर मोजलेत. एकावर एक, नऊ उन्हाळ्यांचे. दरवर्षी कुणीतरी लावलाय हे दिसत होतं. कोणी, ते कळत नव्हतं." पावतीची घडी घालून त्याने ती सी मुन्सिफांच्या हातात दिली. "ही तुमच्या खिशातून पडली वाटतं. मी वाचली असती, तर क्लेम गेला असता आणि आपली पुढची भेट पोलीस चौकीत झाली असती."

सी मुन्सिफांनी चहा एका घोटात संपवला.

अनीसने फॉर्म मांडीवर घेतला. "देखभाल, दरवर्षी. झालं. आता काम करणाऱ्या कंत्राटदाराचं नाव."

"कंत्राटदार कुठला?"

"गच्ची कोण धुतं म्हणालात?"

झकिया जिन्यात गेली आणि तिने मजल्यामजल्यावरच्या आपल्या वाळवणाच्या सोबतिणींना हाका घातल्या. मबरूका आली ती कणकेच्या हातांनी, दलीला चिडून, आणि म्हातारी हयात कठडा धरत, धापा टाकत. टाय लावलेला माणूस दिसताच तिघी दारातच थबकल्या.

"मी फक्त मोऱ्या साफ करते हो," हयातने आधीच हात झटकले. "चुन्याचं काम या दोघींचं."

फॉर्मवरचा रकाना जेमतेम बोटभर होता. अनीसने कागद उलटा करून कोरी बाजू वर घेतली आणि पेनचं टोपण काढलं.

"एकेक नाव सावकाश सांगा," तो म्हणाला. "कंत्राटदाराचं नाव चुकलं की क्लेम अडकतो."