बोर्तोलोची भिंत

काचबिंदूने नजर गेली तरी इटलीतल्या फ्रांचाकोर्तातल्या आपल्या तळघरात भिंतीलगत उलट्या खोचलेल्या बाटल्या म्हातारा बोर्तोलो रोज हातानेच फिरवायचा. त्याशिवाय फसफसत्या वाईनमधला गाळ झाकणापाशी उतरत नाही. मुलाने बाटल्या फिरवायचं यंत्र आणलं तेव्हा “एवढी भिंत तरी माझी ठेव,” म्हणत तो रडला होता. आज तळघर बघायला आलेल्या पाहुण्यांनी गळ घातली, “आजोबा, एक उघडून दाखवा ना!” “नको पपा,” सून घाईने म्हणाली, तोवर त्याने चिमट्याने झाकण उडवलंसुद्धा. ना आवाज, ना फेस. थंडगार धार कोपरापर्यंत ओघळली. त्याने बोटं हुंगली, चाटली. पाणी! “कधीपासून?” “तुमची नजर गेल्यापासून,” मुलगा कानाशी कुजबुजला. “लोक तुमचे हात बघायला येतात, पपा. वाईन यंत्रावरच फिरते.” पाहुण्यांना ती गंमतच वाटली, टाळ्या वाजल्या. “पपा,” सून हसून म्हणाली, “अजून एक उघडा. या पाहुण्यांचा व्हिडिओ राहिला.”