चाकाची घरघर

"पुढच्या चाकाची घरघर तेवढी बंद करून द्या. झोप लागत नाही," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मिस्टरांची मोटारसायकल त्या ढकलतच माझ्या गॅरेजात घेऊन आल्या होत्या. मी चाक वर-खाली धरून हलवलं, तर खुळखुळ्यासारखं वाजलं. दोन्ही बेअरिंगं ठोकून बाहेर काढली आणि बघतच राहिलो. त्यांचे मिस्टर वारले, त्याच आठवड्यात मीच ही नवी बसवली होती. उभ्या गाडीच्या बेअरिंगला गंज चढतो. ही तर पळून पळून झिजली होती.

"गाडी कोण चालवतं, वहिनी?"

"कोणी नाही. तीन वर्षं झाली, किल्ली माझ्या कपाटात आहे."

मी जुनी बेअरिंगं बाजूला ठेवली. नवी बेअरिंगं बसवली, चाक फिरवून बघितलं. आवाजाचं नाव नाही. नेहमीप्रमाणे जुना माल कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

आठव्या दिवशी वहिनी तीच पुडी घेऊन दारात उभ्या. डोळे तारवटलेले.

"जुनीच परत बसवून द्या, भाऊजी."

"का? पुन्हा आवाज येतोय?"

"येत नाही, म्हणून तर आले. आधी घरघर ऐकू आली की आतून कडी लावून घ्यायला वेळ मिळायचा."