सरांच्या हृदयातली जागा

दोन तास चाळीस मिनिटं झाली तरी जागा सापडत नव्हती. टेबलावर डॉ. माधव दाबके गुंगीत पडले होते. मांडीतल्या रक्तवाहिनीतून आत सोडलेली बारीक तार त्यांच्या हृदयात फिरत होती आणि ती फिरवत होती त्यांचीच विद्यार्थिनी, डॉ. सुनीती. सरांच्या हृदयात कुठेतरी एक चुकार जागा होती. ती चेतली की ठोके दोनशेच्या वर जात. ती शोधायची आणि जाळून टाकायची, काम एवढंच होतं.

नवं यंत्र शेजारी बंद उभं होतं. छातीवरच्या पट्ट्यांमधून ठोके वाचायचे आणि बिघाड नेमका कुठून सुरू होतो ते पडद्यावर ठिपक्यानं दाखवायचं, असं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र. कंपनीनं रुग्णालयाला तीन महिने वापरून बघायला दिलं होतं. ते विकत घ्यायचं की परत पाठवायचं हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष सरच होते. सकाळी आत येताना ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सुनीती, तुला मी हातानं शोधायला शिकवलंय. ते डबडं मला लावणार असशील तर आत्ताच सांग. मी रिक्षानं कोथरूडला परत जातो."

सरांचा रक्तदाब उतरायला लागला. तंत्रज्ञ राकेशनं हळूच विचारलं, "मॅडम, लावू?"

"लाव," सुनीती म्हणाली.

एक मिनिटही लागलं नाही. ठिपका उमटला तो डाव्या कप्प्याच्या पार मागच्या कोपऱ्यात. तिकडे जायचं तिच्या मनातही आलं नसतं. तिनं तार तिथे नेली आणि जाळलं. ठोके जागच्या जागी सरळ झाले.

दुपारी सर शुद्धीवर आले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. बावीस वर्षांत त्यांनी तिला कधी 'बरं केलंस' असंही म्हटलं नव्हतं. चुका मात्र सगळ्या वॉर्डाला ऐकू जातील अशा काढल्या होत्या.

"हा हात मी घडवलाय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

सांगायची वेळ तीच होती. सुनीती गप्प राहिली. सरांना वाईट वाटेल म्हणून नाही. तो हात तिला सोडवत नव्हता म्हणून.

पंधरा दिवसांनी समिती बसली. सर खुर्चीवर ताठ बसले होते.

"मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "माझ्यावर उपचार करणारी डॉक्टर समोर बसली आहे. यंत्राशिवाय जागा सापडते की नाही, तिलाच विचारा."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"हो," सुनीती म्हणाली. "सापडते."

दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यात गेलं.

त्याच महिन्यात नम्रता आली. एकोणीस वर्षांची, कर्वेनगरला कॉलेजात शिकणारी. ठोके असेच उधळून ती बसमध्ये दोनदा कोसळली होती. वडील नागोराव हिंगोलीकडचे, इथे चाकणच्या कारखान्यात कामाला. ते सुनीतीसमोर हात जोडून उभे राहिले.

"मोठ्या सरांचं तुम्हीच केलं म्हणतेत मॅडम. मंग आमच्या लेकीची काळजी नाही."

सुनीतीनं चार तास शोधलं. मागचा कोपरा शोधला, पुढची भिंत शोधली, झडपांच्या कडा शोधल्या. दोन ठिकाणी जाळूनही बघितलं. राकेश पडद्याकडे बघत होता, तिच्याकडे एकदाही बघत नव्हता. शेवटी तिनं तार बाहेर काढली. नागोरावांना तिनं सांगितलं की काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न करू. ते म्हणाले, "करा मॅडम, घाई नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना नम्रताचे ठोके उधळले. वॉर्डात पन्नास मिनिटं धडपड चालली. मग थांबवावी लागली. नागोरावांनी मुलीचं कॉलेजचं ओळखपत्र उशीखालून काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात धरून बसून राहिले.

सुनीती तिथून थेट सरांच्या घरी गेली. सर गॅलरीत पेपर वाचत होते. रंग चांगला दिसत होता, वजनही भरलं होतं. ती उभ्यानंच बोलली. सगळं सांगितलं. मशीन आपण लावलं होतं, जागा आपल्याला सापडलीच नव्हती, समितीत आपण खोटं बोललो. एक मुलगी गेली. आता सगळ्यांसमोर सांगू आणि यंत्र परत मागवू.

सरांनी पेपरची घडी घातली.

"मला माहीत होतं."

सुनीतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"घरी आल्यावर पहिल्याच दिवशी रिपोर्ट वाचला मी. अडीच तासांहून जास्त वेळ पुढच्या भिंतीवर चाचपडलीस आणि मग एका मिनिटात थेट मागच्या कोपऱ्यात? वेळा छापलेल्या असतात, बाई. त्या कोपऱ्यात मी स्वतः तीस वर्षांत कधी गेलो नाही. तू कुठून जाणार?"

"मग समितीत तुम्ही..."

"मी काय?" सरांनी चष्मा काढून शांतपणे पुसला. "आठवून बघ. मी एक शब्द बोललो नाही. 'हो' तू म्हणालीस."