दुसऱ्या नावाची ओळ

भिंतीवरच्या पडद्यावर साहेबांनी ती ओळ मोठी केली. मग आणखी मोठी केली. बाहेरच्या जिन्यावरूनही वाचता येईल एवढी. खोलीत मात्र तिघंच होते: साहेब, वहिनी आणि तिचे धाकटे दीर, भावजी.

"हीच ती," साहेब म्हणाले. "हिच्यामुळे गिऱ्हाइकाची चाळीस मशिनं तीन दिवस एकामागून एक मान टाकतायत."

वहिनीने वाचलं. कर्नलमधली, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या अगदी पोटातली ओळ. आजूबाजूचा सगळा कोड वहिनीने स्वतः लिहिलेला. तिथे एक यादी होती, आणि शेकडो कामं एकाच वेळी, कुणाला न विचारता ती यादी वाचत असत. एखादी नोंद बदलायची तर नवी लावायची, जुनी बाजूला काढायची. पण जुनीची जागा लगेच मोकळी करायची नाही. तिच्यात कुणीतरी अजून वाचत असतं. आत असलेले सगळे एकदा बाहेर पडेपर्यंत दम धरायचा, मग जागा सोडायची.

"जेवणारा उठल्याशिवाय ताट उचलायचं नाही, वहिनी." बारा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला हे शिकवलं होतं ते भावजींनीच. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या भावजयीला त्यांनी कर्नल शिकवला, याचं नातेवाइकांत केवढं कौतुक होतं. सगळ्यांत जास्त तिला होतं.

पडद्यावरच्या ओळीत दम धरणं नव्हतं. जुनी नोंद काढली की त्याच पावली जागा मोकळी. वाचणारा वाचतोय, आणि त्याच्या हातातल्या पानावर भलत्याच कुणाचा मजकूर.

तीन दिवस ती हेच शोधत होती, पण स्वतःजवळच्या, हा बदल न आलेल्या जुन्या प्रतीतल्या चारशे ओळींत. त्या आता डोळे मिटले तरी दिसायच्या. भावजी शेजारी खुर्ची ओढून बसायचे, चहा आणून द्यायचे. कालच म्हणाले, "तुमच्याच हातून काहीतरी सुटलंय, वहिनी. वाईट वाटून घेऊ नका. होतं असं." तिने वाईट वाटून घेतलं नव्हतं. सुटलं असेल बाई, म्हणत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली होती.

"बदल तुमचा," साहेब भावजींना म्हणाले.

"मेमरी तुंबत होती, साहेब. थांबून थांबून जुन्या नोंदींचा नुसता ढीग. डेमोत आलेख वर वर चढायचा, बरं दिसत नव्हतं. ते थांबणं काढलं, आलेख सपाट झाला. टेस्ट सगळ्या पास."

"कुठल्या मशीनवर?"

"आपल्या... टेबलाखालच्या."

एरवी वहिनीला हसू आलं असतं. टेबलाखालच्या त्या म्हाताऱ्या मशीनला एकच कोअर. एका वेळी एकच काम करणार; तिथे वाचणारा आणि पुसणारा एकमेकांच्या आड येणार कसे? गिऱ्हाइकाकडे चौसष्ट कोअर होते.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. ठीक काहीच नव्हतं, पण त्यांना पुढे जायचं होतं. "घाईत माणूस चुकतो. म्हणून तर दुसऱ्याने तपासल्याशिवाय आपण बदल आत घेत नाही. आणि ज्याला हा कोड तोंडपाठ आहे त्याने हे तपासून सोडलं असेल, तर त्या माणसाला मी इथे ठेवू शकत नाही. वर मला तेच विचारणार आहेत."

त्यांनी पान खाली सरकवलं.

तपासणाऱ्याच्या जागी वहिनीचं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट. गुरुवार, सकाळी अकरा वीस.

तपासणाऱ्याच्या नावाची ती ओळ बदल पाठवणाराच हाताने टाइप करतो. विश्वासावर चालतं सगळं. वहिनीने तो बदल आज, आत्ता, या खोलीत पहिल्यांदा पाहिला होता.

"मॅडम, तुम्ही तपासलं होतं हे?"

ती तोंड उघडणार तोच भावजी बोलले. "हो, हो. फोनवर झालं आमचं. वहिनी जरा घाईत होत्या, पूर्ण ऐकलं नसेल त्यांनी. माझंही चुकलंच, नीट समजावायला हवं होतं. कितीही झालं तरी त्या घरी बसून शिकलेल्या, साहेब. तेवढं सांभाळून घ्या."

बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. पडद्यावरच्या तिच्या नावाकडे बघत होते.

वहिनीने त्यांचं बोलणं पुरतं संपू दिलं. मग साहेबांना म्हणाली, "गुरुवारी अकरा वीसला माझा फोन पर्समध्ये बंद होता. मी हॉस्पिटलमध्ये होते. भावजींच्या आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आत न्यायच्या आधी मुलाची सही लागेल म्हणाले. माझे मिस्टर परगावी, आणि भावजींना रिलीजमुळे यायला जमत नव्हतं. मग यांच्या जागी मी केली."

साहेबांनी माऊसवरचा हात काढला.

"सही?" भावजींचा आवाज एकदम बारीक झाला. "कसली सही, वहिनी? मला कुणी बोललं नाही."

"काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी, असा कागद असतो."

"आणि तुम्ही केलीत?"

"केली," वहिनी म्हणाली. "वाचून केली, भावजी."