पालकांचा सहभाग

मरणाच्या आदल्या दिवशी सकाळी क्रिसांतो अंगणात शेजाऱ्यांच्या फुगलेल्या दारावर रंधा मारत होता आणि त्याची मुलगी मारिदेल समोर स्टुलावर बसून त्याला प्रश्न विचारत होती.

मारिदेल मनिलाच्या विद्यापीठात शाळा आणि समाज यांच्या नात्याचा अभ्यास करायची. गरीब घरचे आईबाप शाळेपासून लांब का राहतात, हा तिचा विषय. त्यासाठी ती इलोइलो शहरातल्या आपल्याच जुन्या शाळेच्या पालकांना गाठत होती. गावातली एक बाई ऐनवेळी नको म्हणाली, म्हणून तिच्या जागी वडील. मुलाखत आहे म्हणून क्रिसांतोने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावर भुसा उडत होता.

उत्तर चुकलं तर नापास करणार का, हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं. सहावीतून पळालेल्या माणसाला विचारायला पोरगी विमानाने आली, असं आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती स्वतः चौथीतून पळाली होती, याची क्रिसांतोने आठवण करून दिली. आत एक भांडं जरा जोरात आपटलं.

तेरा प्रश्न असे हसतखेळत झाले. चौदावा होता : मुलांच्या शाळेतल्या सभांना व समारंभांना आपण एकूण किती वेळा गेलात?

रंधा थांबला.

"जूनमधला सफाईचा आठवडा धरतात का यात?"

शाळा उघडण्याआधी दरवर्षी पालक तिथे राबतात. ज्यांना परवडतं ते रंगाचे डबे पाठवतात. बाकीचे स्वतः येतात, झाडू नाहीतर हत्यारं घेऊन.

"ते श्रमदान झालं, ताताय," मारिदेल बापाला म्हणाली. "ते सहभागात मोजत नाहीत."

"कोण मोजत नाही?"

प्रश्नावली तिनेच तयार केली होती.

"मग शून्य लिही," क्रिसांतो म्हणाला.

तिने शून्य लिहिलं. पंधरावा प्रश्न, न जाण्याचं मुख्य कारण. वेळ नव्हता, अंतर फार होतं, आवड नव्हती, यांपैकी एक. पर्याय वाचून दाखवताना तिने मान वर केली नाही. खरं कारण त्यांत नव्हतं. ते तिचंच एक वाक्य होतं, पंधराव्या वर्षी, शाळेत, त्याच्यादेखत बोललेलं. त्यानंतर तो त्या फाटकातून पुन्हा आत आला नाही. शेवटच्या वर्षाच्या समारंभात मुलांच्या गळ्यात पदक आईबापांनी घालायचं असतं. तिच्या गळ्यात मावशीने घातलं. त्या वाक्याबद्दल बापलेक वीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. आता बोलावं, असं तिला वाटलं. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

"वेळ नव्हता, असं लिही, इंदाय," तो लेकीला लाडाने म्हणाला. "कामं असायची."

तिने खूण केली. आईने जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवून आडवा झाला, तो उठला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्याची शवपेटी बाहेरच्या खोलीत उघडी होती. दफनाला दोन तास होते. घरात मयत असेपर्यंत केर काढायचा नाही अशी तिथली रीत, त्यामुळे पाच दिवस भेटायला येणाऱ्यांना दिलेली बिस्किटं पायांखाली चुरडत होती. शहरातून मिसेस पालमारेस आल्या. एके काळी त्या मारिदेलच्या वर्गशिक्षिका होत्या, आता मुख्याध्यापिका. तिचा आतापर्यंतचा कच्चा अहवाल त्यांनी वाचला होता. त्यांनी पेटीपाशी प्रार्थना केली, कॉफी घेतली, मारिदेलचा हात हातात धरला. मग, आलेल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा बेताने, तिच्या अभ्यासाचं कौतुक केलं. तिने लिहिलंय ते आम्ही दरवर्षी डोळ्यांनी बघतो, म्हणाल्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझे वडीलच बघ. हायस्कूलच्या चार वर्षांत एकदा तोंड दाखवलं नाही त्यांनी. पदकाच्या दिवशीसुद्धा नाही. असल्या घरातून तू वर आलीस, ती एकटीच्या जोरावर."

दोघातिघांनी माना डोलावल्या. आई किटली घेऊन उभी होती, ती जमिनीकडे बघत राहिली.

मारिदेल गप्प बसली असती तरी चाललं असतं. ती गोष्ट आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

"आले होते, मॅडम," ती म्हणाली. आवाज वर्गात शिकवतानासारखा, सपाट. "मी दुसऱ्या वर्षाला होते. सफाईच्या आठवड्यात आमच्या वर्गाचे बेचाळीस बाक त्यांनी एकट्याने दुरुस्त केले. तुम्ही त्यांना पाणी दिलं होतंत. मुली विचारायला लागल्या, हा कोण म्हणून. मी म्हटलं, शाळेने आणलेला सुतार असेल."

आईने किटली खाली ठेवली. मिसेस पालमारेस यांचा हात अजून मारिदेलच्या हातावर होता. तो तिने सोडवला आणि ती पेटीकडे वळली.

"तुमच्या तोंडात खिळे होते, ताताय. म्हणून तुम्ही काही बोलला नाहीत, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आले."