लेखनिक मंजूर

साडेदहा वाजून गेले तरी लेखनिकाचा पत्ता नव्हता. केंद्रसंचालक श्रीकृष्ण पांढरीपांडे यांनी आता फाटकाकडे पाहणं सोडून घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली होती.

पुसदच्या या केंद्रावर यंदा दहावीला एकच दिव्यांग परीक्षार्थी. यादीत फक्त एवढंच होतं : ‘राठोड एन. डी., लेखनिक मंजूर.’ व्यंग कोणतं, ते लिहिलं नव्हतं, आणि सरांनी विचारलंही नव्हतं. यवतमाळच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत त्यांना दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. दिव्यांगाला त्याच्या व्यंगाबद्दल खोदून विचारू नये. आणि दुपारचं जेवण एक वाजताच गाठावं, नंतर भाजी उरत नाही.

बाकी तयारी चोख होती. तळमजल्यावरची प्रयोगशाळा रिकामी केली होती. चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारावर शिक्षकांच्या मोटरसायकली उभ्या राहायच्या, त्या हलवल्या होत्या. स्वतःच्या केबिनमधली गादीची खुर्चीसुद्धा त्यांनी तिथे नेऊन ठेवली होती. सबंध नोकरीत त्यांनी ती खुर्ची कोणाला दिली नव्हती.

शिपाई सुनील धावत आला. “सर, राठोड आली. संग एक बाई हाय.”

फाटकाशी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, नजर जमिनीला. शेजारी चाळिशीची एक बाई, उजवी बाजू पदराखाली, डाव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. दोघी तांड्यावरून काळीपिवळी जीपनं आल्या होत्या आणि तोंडांवरची धूळ अजून पुसली नव्हती.

“नाव काय बेटा?”

मुलगी गप्प.

“बबिता नाव हाय तिचं,” बाई म्हणाली. “सर, मी नंदाबाई. थे कागद...”

तिनं पिशवी तोंडाशी नेली आणि गाठ दातांनी सोडायला लागली. सरांना कसंसंच झालं. “राहू द्या, राहू द्या. कागद दाखवायला लावून आम्ही कोणाला अवघडवत नाही. तुम्ही आई?”

“मामी होय हिची. पण सर, मीच तं...”

“तुम्हीच आणलंत, ते दिसतंय. कौतुक आहे. पण पालकांना आत परवानगी नाही.”

“पालक नाही सर. आयका तं खरं. दोन साल झाले तयारीले. दहावी निघाली तं आश्रमशाळेत काम भेटते. आज गेलं तं सारं गेलं.”

आतापासून पोरीच्या नोकरीची घाई, असं सरांच्या मनात आलं. पण तेही ते बोलले नाहीत. सौजन्याचा तो दिवसच होता.

“मामी, काही जाणार नाही. मी आहे ना. सुनील, यांना समोरच्या लिंबाखाली बसव. पाणी दे. आणि फाटक लाव.”

मुलीनं वळून मामीकडे पाहिलं. “त्यांची काळजी करू नकोस,” सर म्हणाले, “त्यांची सगळी सोय करतो.” तेव्हा ती निमूट चालायला लागली.

उतारावरून ती सरळ चालत गेली. डोळेही ठीक दिसत होते. सरांनी पुन्हा एकदा विचारलं, “काही त्रास?” तिनं मान हलवली, तोंड उघडलं नाही. म्हणजे दोष बोलण्यात असावा. पण मग लेखनिकाला सांगणार कशी? सरांना घाम फुटला. पण विचारायचं नव्हतं. कार्यशाळेत तसं स्पष्ट सांगितलं होतं.

आणि लेखनिकच कुठे होता?

त्यांनी राठोडच्या शाळेला फोन लावला, तो कोणी उचलला नाही. अकराला सात मिनिटं कमी असताना ते स्वतः शेजारच्या मुलींच्या वसतिगृहात गेले. लेखनिक खालच्या इयत्तेचाच लागतो, म्हणून नववीची एक मुलगी पाहिजे होती. वॉर्डनबाईंनी मिताली दिली. ती अंबाडीची भाजी निवडत होती. हात धुऊन आली.

“ती सांगेल तेवढंच लिहायचं. मनाचा एक शब्द नाही,” सर म्हणाले.

“हो सर.”

अकराच्या ठोक्याला पेपर सुरू झाला. गादीच्या खुर्चीत बबिता, तिच्यासमोर बाकावर मिताली, मध्ये मराठीची प्रश्नपत्रिका. सरांनी दारातून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. त्यांनी यवतमाळच्या शिक्षण कार्यालयात फोन केला. “एक दिव्यांग विद्यार्थिनी आहे सर. लेखनिक आला नव्हता, पण आपण ऐनवेळी उभा केला.” पलीकडून शाबासकी मिळाली.

पंधरा मिनिटांनी ते पुन्हा डोकावले. उत्तरपत्रिका कोरी होती.

“सर, हे काही बोलूनच नाही राह्यली,” मिताली म्हणाली.

“वेळ द्यावा लागतो, मिताली. यांना तासाला वीस मिनिटं जास्त कशाला दिली आहेत?”

बबितानं त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. सर समजुतीनं हसले आणि गेले.

साडेअकराला सुनील आला. “सर, थे मामी फाटक वाजवून राह्यली. आत घ्या म्हन्ते. रडून राह्यली.”

“साडेअकरानंतर कोणालाही आत घ्यायचं नाही, तशी लेखी सूचना आहे. आणि पालकांना तर नाहीच. कॉप्या अशाच येतात. कुलूप लाव आणि किल्ली मला दे.”

किल्ली खिशात टाकून ते प्रयोगशाळेत गेले. मिताली पेन धरून बसली होती. उत्तरपत्रिका तशीच कोरी. आणि आता बबिताच्या डोळ्यांत पाणी होतं.

सर तिच्याजवळ खाली बसले. आवाज शक्य तितका मऊ केला. “बेटा, कशाला घाबरतेस? तुला बोलायची परवानगी आहे. बोल.”

बबिता खुर्चीवरून उठून उभी राहिली.

“लेखनिकानं केंद्रावर तोंड उघडू नाही अशी शाळेनं माही सही घेतलती सर, म्हनून गप्प होती. मामीले कवा आनता? तिचा उजवा हात नाही म्हनून मी लिवाले आली, अन् पेपरातला अर्धा तास तं गेला.”